गर्भपात: कोणत्या परिस्थितीत योग्य, कोणत्या नाही? अभ्यासगटासाठी जाणकारांची मतं हवीत

अनुजा (मंगळवार पेठ)

नमस्कार. कोल्हापुरात आमचा बायकांचा एक छोटा अभ्यासगट आहे. शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, दोन नर्स, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. पुढच्या बैठकीला गर्भपात हा विषय घेतलाय आणि तो नुसत्या 'पाप की हक्क' या भांडणात वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

गटातली मतं एकमेकींपासून फार लांब आहेत. जैन मैत्रीण म्हणते, जीव पहिल्या दिवसापासून असतो, मग तो आठ आठवड्यांचा असो की आठ महिन्यांचा. मुस्लिम मैत्रीण १२० दिवसांनी गर्भात आत्मा येतो, असा हिशोब सांगते. तिसरी म्हणते, पोट जिचं तिचा निर्णय, बाकीच्यांनी त्यात पडायचं कारण नाही. पण मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला असं ऐकलं की हीच तिसरी सगळ्यात जास्त संतापते. ही दोन्ही मतं एकाच वेळी ठेवता येतात का, असं एकीने विचारलं आणि सगळ्या गप्प झाल्या.

गर्भनिरोधक फसलं, लग्नाआधी दिवस राहिले, बाळात व्यंग निघालं, अत्याचारातून गर्भ राहिला, आईच्या जिवावर बेतलं. या विषयात रोज काम करणाऱ्यांना अशा वेळी काय योग्य वाटतं आणि का? आठवड्यांच्या आकड्याला नैतिक अर्थ आहे की तो फक्त कायद्याच्या सोयीचा? नेमकं आणि तपशिलात लिहा. स्वतःचे किंवा ओळखीतल्यांचे किस्से मात्र कृपया नकोत. कोल्हापूर लहान आहे, लगेच ओळख पटते.

---

स्त्रीरोग_राजारामपुरी

अनुजाताई, आधी आठवडे कसे मोजतात ते सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. दवाखान्यात आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे कागदावर '६ आठवडे' असतात तेव्हा गर्भ चार आठवड्यांचा असतो आणि पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. तुमच्या मैत्रिणीचे १२० दिवस गर्भधारणेपासून धरले तर आमच्या मोजणीत ते १९ आठवड्यांच्या आसपास येतात. बैठकीत कोण कुठून मोजतंय हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोघी एकाच आकड्यावर वेगवेगळ्या गोष्टी बोलत बसतील.

सहाव्या आठवड्याच्या सुमाराला आतल्या सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसू लागते. बाराव्या आठवड्यात गर्भ पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. विसाव्याला वजन साधारण ३०० ग्रॅम, चोविसाव्याला ६०० ग्रॅमच्या आसपास. चोविसाव्या आठवड्यानंतर, चांगला नवजात अतिदक्षता विभाग हाताशी असेल, तर काही बाळं जगू शकतात. वेदनेचं विचाराल तर ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले आणि २८ आठवड्यांच्या आधी गर्भाला वेदना जाणवण्याची शक्यता कमी आहे, असं म्हटलं.

म्हणून मला आकड्याला नैतिक अर्थ आहे असं वाटतं. गर्भाचं मोल एका दिवसात उगवत नाही, ते वाढत जातं, आणि जितका उशीर तितकं कारण भक्कम लागतं. पहिल्या १२ आठवड्यांत माझ्या लेखी त्या बाईचं 'मला हे नको' एवढं पुरेसं आहे. कायदा असं म्हणत नाही, हे लक्षात ठेवा. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा निर्णय डॉक्टरच्या मतावर टाकतो. २० आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, पुढे २४ पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोन. आधी दंडसंहिता आणि आता न्याय संहितेनुसार गर्भपात हा गुन्हाच आहे, त्यातून या अटींवर सूट मिळते एवढंच. त्यामुळे 'हक्क आहे' म्हणणारीला दवाखान्यात डॉक्टरला पटवत बसावं लागतं, हे मला चुकीचं वाटतं.

गर्भनिरोधक फसल्यावर 'निष्काळजीपणा केला, आता भोगा' हे बोलणं फार सहज होतं. आकडे बघा. निरोध वापरणाऱ्या १०० जोडप्यांत, रोजच्या व्यवहारात जसा वापर होतो तसा धरला, तर वर्षभरात साधारण १३ जणींना दिवस राहतात. नळबंदीनंतरसुद्धा पहिल्या वर्षात २०० मध्ये एखादीला राहतात. काळजी घेऊनही हे होतं. २०२१ च्या दुरुस्तीने या कारणातले 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हे शब्द काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले, ते योग्यच झालं.

आता पद्धतीबद्दल, कारण इथे चुकलं की नैतिकतेची चर्चा आयसीयूत जाऊन पोचते. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी करता येतं. किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. दोन्हींत साधारण दीड-दोन दिवसांचं अंतर, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आधी तीन गोष्टी बघायच्या: गर्भ पिशवीतच आहे ना, हिमोग्लोबिन किती, रक्तगट निगेटिव्ह आहे का. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव होतो, बाईला वाटतं झालं, आणि नळी आतल्या आत वाढून फुटते. नवऱ्याने चिठ्ठीशिवाय दुकानातून किट आणून घरात देणं म्हणून धोक्याचं आहे. लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, एक दिवसाहून जास्त ताप राहत असेल, अंगावरून घाण वास येत असेल, किंवा एका बाजूला पोटात कळा येऊन चक्कर येत असेल, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. बारा आठवड्यांपर्यंत 'पिशवी साफ करणं' हे हाताच्या सिरिंजच्या व्हॅक्यूमने होतं, भूल थोडी लागते, त्याच दिवशी घरी जाता येतं. धारदार चमच्याने क्युरेटिंग करणं जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच नको म्हटलंय, पिशवीला इजा होते.

आईचा जीव जात असेल तेव्हा माझ्या मते प्रश्नच उरत नाही. कायद्याचं कलम ५ अशा वेळी आठवड्यांची मर्यादा आणि दुसऱ्या डॉक्टरची अट दोन्ही काढून टाकतं. मूळची बेळगावची सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये गेली. सतरा आठवडे होते, गर्भपात अटळ होता, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनला. पाणी आधीच फुटलेलं असताना ठोके थांबायची वाट बघणं म्हणजे दोघांनाही गमावणं आहे.

---

जयसिंगपूरकर

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. बाकीच्याशी नाही. विरोधी मतही बैठकीत नीट मांडलं जावं, म्हणून लिहितो.

'मोल वाढत जातं' हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण ३०० ग्रॅम आणि ६०० ग्रॅम यांत नैतिक फरक नेमका कशाने पडतो? वजनाने? अतिदक्षता विभाग जवळ असण्याने? मग कोल्हापूर शहरातल्या २६ आठवड्यांच्या गर्भाचं मोल चंदगडच्या वाडीतल्या २६ आठवड्यांच्या गर्भापेक्षा जास्त धरायचं का? जगू शकणं हे यंत्रांवर अवलंबून असतं. अहिंसा मानणारा माणूस म्हणतो की जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही, त्याच्या बाबतीत शंकेचा फायदा जीवाला द्यावा. यात बाईला शिक्षा करण्याचा हेतू नाही, आणि कायद्याने तिला अडवावं असंही माझं म्हणणं नाही. नैतिक काय, एवढंच बोलतोय.

पण हे मत ठेवणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते आणि आमच्यातले बरेच जण ती टाळतात. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नुसतं 'मारू नका' म्हणून ते थांबले नाहीत. ये, इथे बाळंत हो, नाव सांगू नकोस, असं सांगितलं. आज तसाच कायदेशीर रस्ता आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३५ नुसार आई बाळ बालकल्याण समितीसमोर स्वाधीन करू शकते. समिती आधी समुपदेशन करते, मग स्वाधीनपत्रावर सही होते, आणि त्यानंतर दोन महिने आईला विचार बदलून बाळ परत घेता येतं. हे चोरून, कुणा ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याला परस्पर देणं मात्र गुन्हा आहे. दवाखान्यातल्या आया-मावशी असे 'व्यवहार' जुळवतात तेव्हा बाळाची पुढे कुठेच नोंद राहत नाही.

लग्नाआधी दिवस राहिलेल्या मुलीला नऊ महिने राहायला जागा, तपासण्या, शिक्षण चालू ठेवायची सोय हे न देता 'पाप' म्हणणाऱ्याला बोलायचा अधिकार नाही. अत्याचारातून राहिलेल्या गर्भाबद्दल माझ्याकडे ठाम उत्तर नाही. तिथे त्या मुलीला मी काही सुचवणारही नाही.

---

जनुक_समुपदेशक

बाळात व्यंग असताना काय करावं यावर लिहिते. इथे 'व्यंग' हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींवर पांघरला जातो, आणि घाईत घेतलेले निर्णय त्यामुळेच होतात.

डोक्याची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच न होणं, यात बाळ जन्मल्यावर काही तास, फार तर काही दिवस जगतं. हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीतच बहुतेक वेळा दिसतं. दोन्ही मूत्रपिंडं नसली तरीही बाळ जगत नाही. अशा वेळी गर्भ थांबवणं मला पूर्ण योग्य वाटतं. तितकंच, एखाद्या आईने नऊ महिने वाहून, बाळाला तासभर कुशीत घेऊन निरोप द्यायचं ठरवलं, तर तिला 'वेडी आहेस का' म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

दुसऱ्या टोकाला ओठ फाटलेला असणं किंवा पाय आत वळलेला असणं. पहिल्यात शस्त्रक्रिया होते. दुसऱ्यात जन्मल्यावर लगेच दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करतात. यासाठी गर्भ पाडणं मला पटत नाही. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या मात्र घरातली मोठी माणसं 'काढून टाका' म्हणतात, कारण त्यांनी उपचार झालेलं मूल बघितलेलं नसतं. बालशल्यचिकित्सकाची एक भेट आधी व्हायलाच हवी.

मधला पट्टा सगळ्यात अवघड. डाऊन सिंड्रोम घ्या. जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो, शिकायला वेळ लागतो. पण नीट उपचार मिळाले तर अशी माणसं साठीपर्यंत जगतात, काम करतात, माया करतात. अपंगांच्या चळवळीतले लोक विचारतात की, आमच्यासारख्यांनी जन्मूच नये असं तुम्ही ठरवताय का? हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. माझं मत असं की निर्णय आईवडिलांचाच, पण त्यांना माहिती देताना फक्त त्रासांची यादी वाचून दाखवणं अनैतिक आहे. डाऊन असलेल्या मुलाच्या पालकांशी बोलायची संधी त्यांना मिळाली पाहिजे. बाळाला सांभाळायला आपण दोघेच आहोत, सरकारी मदत तुटपुंजी आहे, आपल्यामागे याचं कोण करणार, ही चिंता कुणी बोलून दाखवली तर त्याला स्वार्थी म्हणू नये.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तर लग्नाच्या किंवा पहिल्या तपासणीच्या वेळीच कळू शकतं. एचपीएलसी या रक्ताच्या तपासणीत ए-२ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर व्यक्ती वाहक असण्याची शक्यता, म्हणजे स्वतः आजारी नाही पण आजार मुलाला देऊ शकते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर थॅलेसेमियाची, म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेता येतो. निर्णय तेव्हा घेणं आणि २३ व्या आठवड्याला घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वेळेचं गणित असं बिघडतं. नोंदणीच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झाली, म्हणून ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ताची चाळणी तपासणी हुकली. ॲनोमली स्कॅन, म्हणजे व्यंग शोधणारी सोनोग्राफी, १८ ते २० मध्ये व्हायला हवी, ती तारीख न मिळाल्याने २१ व्याला झाली. हृदयात शंका, म्हणून फीटल एको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, २२ व्याला. मग गर्भजलाची तपासणी. तिचा झटपट रिपोर्ट तीन दिवसांत येतो, पण तो मोजक्याच गुणसूत्रांचा. पूर्ण तपासणीला दोन ते तीन आठवडे. रिपोर्ट येतो तेव्हा २५ वा आठवडा लागलेला असतो. त्यात आईच्या रक्तातून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज देणारी एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नाही. नुसत्या 'हाय रिस्क' या दोन शब्दांवर गर्भ पाडणं ही गंभीर चूक आहे. गर्भजलाची तपासणी झाल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना आधी सांगितली जात नाही. साधारण २२ आठवड्यांपासून पुढे गर्भ थांबवायचा तर प्रसूतीच्या कळा आणण्याआधी गर्भाच्या हृदयात इंजेक्शन देऊन ठोके बंद करावे लागतात, नाहीतर बाळ जिवंत जन्मू शकतं आणि मग त्याला वाचवण्याचे सगळे प्रयत्न करणं डॉक्टरवर बंधनकारक होतं. नंतर आईला प्रसूतीच होते. कळा येतात, पुढे दूधही येतं. दूध येणार आणि ते थांबवायची गोळी असते, हे तिला आधी सांगून ठेवा. बाळ बघायचं का, हेही विचारा. घरचे 'नको, दाखवू नका' म्हणतात. विचारायचं तिला.

पुढच्या गरोदरपणासाठी: मेंदू-मणक्याचं व्यंग आधी झालं असेल तर फॉलिक ॲसिड नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमने भागत नाही. ५ मिलिग्रॅमची गोळी, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून.

---

वकील_शाहूपुरी

आधी जयसिंगपूरकरांना: तुम्ही नैतिक मत आणि कायद्याची सक्ती वेगळी ठेवलीत, हे फार थोडे जण करतात.

माझी भूमिका सरळ आहे. उशिराच्या गर्भपाताचं ओझं ज्याने उशीर केला त्याच्या माथी असावं, आणि ती व्यक्ती क्वचितच गरोदर बाई असते. अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीला आपल्याला काय झालंय हेच कळत नाही. पोट दिसायला लागल्यावर घरच्यांना कळतं. मग पोलीस ठाणं, मग जबाब, मग 'आदेश आणा'. २४ आठवड्यांच्या आत न्यायालयाच्या आदेशाची गरजच नसते, तरी दवाखाने तो मागतात आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात. अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, गंभीर अपंगत्व असलेली, मानसिक आजार असलेली, गर्भात व्यंग असलेली, आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीतली स्त्री, या सगळ्यांना २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला अविवाहित स्त्रीलाही यात धरलं आणि याच कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कार मानला. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतंच, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-ओळख उघड करायची गरज नाही. हे माहीत नसल्याने सोळा-सतरा वर्षांच्या मुली सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाहीत आणि भोंदूंकडे जातात.

चोवीसच्या पुढे, आईच्या जिवाचा प्रश्न सोडला तर, फक्त गर्भातल्या मोठ्या व्यंगासाठी वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. मंडळात स्त्रीरोग, बालरोग, सोनोग्राफीतज्ज्ञ असतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत आणि पाच दिवसांत प्रक्रिया, असा नियम आहे. अत्याचारातला गर्भ २४ च्या पुढे गेला असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा सांगलीच्या कुटुंबालाही आता मुंबईच्या फेऱ्या नाहीत. याचिकेसोबत सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा, एफआयआरची प्रत लावा, आणि मुलीची इच्छा तिच्या शब्दांत लिहा. गर्भपात झाला तर डीएनएसाठी नमुना जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. ती राहून गेली तर पुढे खटल्यात पुरावा हातचा जातो.

न्यायालयं एकसारखं बोलत नाहीत, हेही गटाला सांगा. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मोठं व्यंग असलेल्या ३३ आठवड्यांच्या गर्भाबाबत, वैद्यकीय मंडळाचं मत विरोधात असताना, निर्णय त्या स्त्रीचा आहे असं म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या निरोगी गर्भाला परवानगी नाकारली. ती बाई दुसऱ्या बाळाला अंगावर पाजत होती, पाळीच आली नव्हती म्हणून तिला कळलंच नव्हतं, आणि बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. मला तो निकाल पटलेला नाही. पण तिथे गर्भ जगू शकणारा होता, हा मुद्दा खोटा नाही, आणि तो बाजूला सारून चर्चा करणंही प्रामाणिक नाही.

एप्रिल २०२४ चं प्रकरणही घ्या. महाराष्ट्रातल्या १४ वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीला सर्वोच्च न्यायालयाने ३० आठवड्यांच्या आसपास परवानगी दिली, आणि पालकांनी विचार बदलल्यावर आठवड्याभरात आदेश मागे घेतला. मुलीचं मत आणि पालकांचं मत वेगळं झालं तर कुणाचं ऐकायचं? माझं उत्तर: मुलीचं, तिला नीट समजावून सांगितल्यानंतर.

---

अनुजा (मंगळवार पेठ)

सगळ्यांचे मनापासून आभार. पण 'पहिल्या १२ आठवड्यांत तिची इच्छा पुरेशी' म्हणायचं आणि मुलगी नको म्हणून पाडणं चूक म्हणायचं, याचा मेळ अजून लागत नाही. कुणी लिहाल का?

---

गाव_ते_सीपीआर

अनुजाताई, यावर आम्ही आशाताईंच्या प्रशिक्षणात बोलतो, म्हणून लिहिते.

मेळ लागतो, कारण दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. 'मला आत्ता मूल नको' हा तिच्या आयुष्याबद्दलचा निर्णय. 'मूल हवंय, पण मुलगी नको' हा जन्मणाऱ्या बाळाच्या लिंगाबद्दलचा निवाडा, आणि तो बहुतेक वेळा तिचा नसतोच. ती नकार देऊ शकते का, हे बघा. दोन मुलींनंतर सासू बोलत नाही, नवरा दुसरं लग्न करीन म्हणतो, अशा घरात तिच्या 'हो'ला इच्छा म्हणता येत नाही. गर्भलिंग निदानाच्या कायद्यानेही हे ओळखलंय. कलम २४ नुसार नवऱ्याने किंवा सासरच्यांनी तिला भाग पाडलं असंच गृहीत धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि तिच्या संमतीशिवाय गर्भ पाडला तर न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आपल्या जिल्ह्याला हा विषय दुरून बोलता येत नाही. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत, मुली शिकतात, आणि हा आकडा. पुढे इथेच सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणी आपोआप नोंदवणारं उपकरण, बसवायची अट आली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. तरी मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. होमिओपॅथीचा डॉक्टर हे करत होता, आणि एका तरुण बाईचा जीव गेल्यावर ते उघडकीला आलं.

पण या रागातून एक मोठी चूक होते, तिच्यावर गटात जरूर वेळ द्या. तिसऱ्या महिन्यानंतरचा प्रत्येक गर्भपात म्हणजे मुलगीच पाडली, असा संशय. तपासणीच्या भीतीने काही दवाखाने १२ आठवड्यांच्या पुढची बाईच घेत नाहीत, औषध दुकानदार किट ठेवत नाहीत. त्याची झळ कुणाला बसते? ऊसतोडीच्या टोळीत बीडहून आलेल्या बाईला, जिची नोंद ना गावाकडे ना इथे, आणि जिला पाळी का चुकली हे बघायलाही हंगामात सवड नसते. शाळकरी मुलीला. अंगावर पाजणाऱ्या आईला. शिवाय गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, आणि सोनोग्राफीत लिंग साधारण चौदाव्या आठवड्याच्या पुढे खात्रीने दिसतं. म्हणजे किटवर पहारा ठेवून लिंगनिवड थांबत नाही. ती जिथे होते तिथे, यंत्राशी, प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म 'एफ'शी आणि निदान करणाऱ्याशी थांबवावी लागते.

जयसिंगपूरकरदादांनी आसऱ्याचं लिहिलं, ते पटलं. तो पर्याय सांगितलाच पाहिजे, फक्त तो सांगताना गर्भपाताची मुदत निघून जाईल इतके हेलपाटे घालायला लावू नयेत. तसं घडतं, आणि त्याला समुपदेशन म्हणता येणार नाही.

प्रत्यक्ष करायची गोष्ट एकच लिहिते. बाईशी एकटीशी बोला. सासू किंवा नवरा खोलीत असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धरू नका. 'बाहेर थांबा' म्हटलं की घरच्यांना संशय येतो, म्हणून नर्सने वजन आणि बीपी बघायला तिला आतल्या खोलीत न्यावं, दार ओढून घ्यावं, आणि पट्टा दंडाला बांधता बांधता विचारावं: दिवस राहिलेत हे तुमच्याआधी कुणाला कळलं? इथे यायचं कुणी ठरवलं? कुठे सोनोग्राफी झाली का, आणि त्यानंतर घरी काही बोलणं झालं का? तुम्ही नाही म्हणालात तर घरी काय होईल? शेवटच्या प्रश्नाला ती गप्प बसली तर त्या दिवशी प्रक्रिया करू नये. तिची पुढची तारीख आणि मदतीचा नंबर कागदावर देऊ नये, तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यावा. १८१ ही महिला हेल्पलाइन लक्षात राहते.

---

अनुजा (मंगळवार पेठ)

शेवटची शंका, आमच्या नर्सची. अठराच्या वरच्या बाईसाठीही नवऱ्याची सही मागतात. ती सक्तीची आहे का?

---

वकील_शाहूपुरी

नाही. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीची फक्त तिची स्वतःची संमती लागते, फॉर्म 'सी' वर. पालकाची लेखी संमती अठराच्या आतल्या मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी, एवढीच. फॉर्म 'सी' वर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. दवाखाना पुढे भांडण नको म्हणून मागतो, पण त्यामुळे नवऱ्यापासून वेगळी राहणारी किंवा मारहाण सोसणारी बाई परत जाते आणि तिचे आठवडे वाढतात. नाव-पत्ता बाहेर सांगितला तर कलम ५ए खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, तेव्हा नवऱ्याला फोन करून 'कळवणं' हेही त्यात येऊ शकतं. सहीशिवाय करणार नाही म्हणाले तर नकार आणि त्याचं कारण लेखी मागावं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावं.